माळावरचा दगड

माझ्या घरमालकांनी मला पहिल्याच आठवड्यात लाथ मारली, आणि लगेच वाकून माझ्या पाया पडले.

झालं होतं असं, की कळसच्या पुढच्या एका वस्तीवर उपकेंद्रात नर्स म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. सामान लावताना गॅसची टाकी मीच उचलली, कारण मदतीला कुणाला हाक मारणं माझ्या स्वभावात नाही, आणि पाठीत अशी उसण भरली की सरळ उभं राहता येईना. मालकीणबाईंनी, ज्यांना मी पुढं मावशी म्हणू लागले, दारातून मला वाकडी झालेली पाहिलं आणि मागं वळून हाक मारली, "अवो, शिस्टरला उसण भरलीया. या जरा हिकडं." मला वाटलं, मालक तेलाची बाटली घेऊन येतील. उंच, काटक, धोतर नेसलेले आबा आले ते रिकाम्या हातांनी.

"उगवतीकडं तोंड करा," ते म्हणाले.

मी केलं. पाठीत त्यांच्या पायाचा हलकासा दणका बसला. मी संतापून वळले, तर हा वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या पायांवर डोकं टेकत होता.

"पाय लावल्याबिगर भागत न्हाय," ते उठत म्हणाले. "मनात काय ठेवू नगा."

दुसऱ्या दिवशी पाठ मोकळी झाली. ती माझ्या गोळीनं झाली असं मी तेव्हाही सांगत होते, आजही सांगते. मावशी तेव्हाही हसल्या होत्या.

आबा पायाळू होते. जन्मताना ज्याचे डोक्याआधी पाय बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाच्या लाथेनं उसण जाते, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं आणि आभाळातली वीज त्याच्यावर डोळा ठेवून असते, असं आपल्याकडं मानतात. मी स्वतः बाळंतपणं केलेली बाई. बाळ पोटात उलटं बसतं, त्याला कुणाचा इलाज नसतो, आणि त्यात आभाळाचा काही संबंध नसतो हे मला पक्कं माहीत होतं. ते मी आबांना येता-जाता ऐकवायची. ते मान डोलवायचे आणि पुढच्या माणसाला उगवतीकडं तोंड करायला सांगायचे.

कारण सकाळी त्यांच्या ओट्यावर रांगच असायची. ऊसतोडीचे गडी, टेम्पोचे ड्रायव्हर, डाळिंबाच्या बागेत वाकून वाकून कंबर धरलेल्या बायका. प्रत्येकाला एक लाथ आणि मग प्रत्येकाच्या पायावर डोकं. शाळकरी पोर असलं तरी पाया पडायचे. पोरं लाजून पळायची, तर हे मागं जाऊन गाठायचे. एकदा एक फौजदार आला होता. गाडीतून उतरताना ओय ओय करत होता. त्याला लाथ बसली, आबा त्याच्याही पाया पडले, आणि जीप गेल्यावर ओट्यावर बसून म्हणाले, "फौजदाराला लाथ हाणून वर त्येच्याच हातचा आशीर्वाद घेतला. हाय का कोण तालुक्यात दुसरा?" या कामाचे पैसे ते घेत नसत. कुणी नारळ ठेवला तर तो फोडून तिथंच सगळ्यांना वाटायचे.

हे सगळं उन्हाळा लागेपर्यंत. चैत्र संपत आला, की आबा बदलायचे.

आमच्या त्या पट्ट्यातला उन्हाळा ज्यानं काढला त्याला सांगायला नको. सकाळी दहालाच पत्रे तापून कडकड वाजायला लागतात. दुपारी वारा पडतो, झाडाचं पान हलत नाही, अंगाला नुसता चिकचिकाट. आणि मग चारच्या सुमारास भिगवणच्या अंगाला आभाळ काळवंडायला लागतं. बाकी सगळ्यांना तेव्हा हायसं वाटतं. बायका वाळवणं गोळा करायला धावतात, पोरं कैऱ्या पडणार म्हणून टोपल्या शोधतात. आबा मात्र दुपारपासूनच ओट्याच्या कडेला तोंड वर करून बसलेले असायचे. जेवायला आत यायचे नाहीत. ताट बाहेर न्यावं लागायचं.

पहिला गडगडाट ऐकू आला की उठायचे. चष्मा, मोबाइल, कमरेची किल्ली आणि बोटातली चांदीची अंगठी असं सगळं कोनाड्यात काढून ठेवायचे. पोत्याची खोळ डोक्यावर घ्यायची, सदऱ्याच्या खिशात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा टाकायचा, आणि चालू लागायचं. घरामागं मुरमाड माळ होता. झाड नाही, झुडूप नाही. त्याच्या मधोमध एक बसका काळा दगड होता. आबा त्या दगडावर जाऊन बसायचे. वळीव कोसळायचा, विजा कडाडायच्या, कधी गारा पडायच्या, आणि हा माणूस पोतं पांघरून शेंगदाणे खात तिथं एकटा बसलेला असायचा.

मी पहिल्यांदा हे माझ्या खिडकीतून पाहिलं तेव्हा किंचाळलेच. छत्री घेऊन धावत निघाले, तर मावशींनी दंड धरला. "बसू द्या त्यास्नी," म्हणाल्या. "त्यांची तीच जागा हाय."

"अहो, पण मरतील ना!"

"हितं बसलं तर समदी मरतील म्हणत्यात," मावशी म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या. एवढं मोठं वाक्य त्या मीठ संपलंय म्हणावं तसं बोलून गेल्या, आणि मी छत्री हातात धरून तशीच उभी राहिले.

पाऊस थांबला की आबा निथळत परत यायचे. फाटकापाशी थांबून आधी एकच हाक मारायचे, "समदी हायेत का?"

"हायेत," मावशी आतून म्हणायच्या.

मग आत यायचे. कपडे बदलून चहा घेताना पुन्हा पहिल्यासारखे थट्टेखोर व्हायचे.

त्या दिवशी मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, आबा, वीज चमकत असताना मोकळ्या माळावर बसणं सगळ्यात धोक्याचं, पक्क्या घरात बसावं, सरकार ओरडून सांगतंय, आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर चित्र लावलंय.

"माळावर धोका हाय म्हणताय?"

"सगळ्यात जास्त."

"म्हणून तर तितं बसतो," आबा बशीतला चहा फुंकत म्हणाले. "तिला मी लगीच घावलो पायजे. हुडकत घरात याया नगं."



पुढं गावोगावी मोबाइलवर विजांचे इशारे यायला लागले. आबांच्या मोबाइलवरही यायचे. नातलगाचं आमंत्रण आल्यासारखे ते मला वाचायला लावायचे आणि म्हणायचे, "बघा, सांगून येती बिचारी." शाळेवर वीजरोधक बसवला तेव्हा तो काय करतो हे त्यांनी मास्तरांना विचारून घेतलं. वीज आपल्या अंगावर घेतो आणि जमिनीत सोडतो, असं मास्तर म्हणाले. आबा बराच वेळ त्या तांब्याच्या टोकाकडं बघत राहिले. "म्हंजी माझं काम गेलं म्हणा की," ते म्हणाले, आणि सगळी शाळा हसली. मीही हसले. त्यांच्याबरोबर हसू आल्याशिवाय राहायचंच नाही, ही त्यांची एक मोठी अडचण होती. कुणी त्यांच्यासाठी कधी रडलंच नाही.

गावानंही या वेडाची सोय करून घेतली होती. डाळिंबवाले शेजारी आभाळ आलं की येऊन सांगायचे, "आबा, माळाच्या त्या अंगाला बसा, हिकडं आमची बाग हाय." भर उन्हाळ्यात दुपारी आबा वडापच्या जीपमध्ये बसत नसत. बसले आणि वाटेत ढग दाटले, तर ड्रायव्हर आरशातून बघायला लागायचा, आणि आबा कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणायचे, "थांबव रं, हितं उतरतो." असे ते कुठल्या कुठल्या फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत आलेत.

आणि त्यांच्या मुलाच्या लग्नात तर कहरच झाला. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत कंपनीत लागलेला, सून सोमेश्वरनगरची, तिचे वडील साखर कारखान्यात. लग्न तिकडंच, वैशाखातलं, संध्याकाळचा मुहूर्त. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मंडपाच्या कापडामागं आभाळ गुरगुरलं. मी बायकांच्या घोळक्यात होते. पाहते तर नवरदेवाच्या मागं उभे असलेले आबा दिसेनात. शोधत बाहेर आले. कार्यालयासमोरच्या रस्त्यापलीकडं उसाची लागण झालेलं मोकळं रान होतं, त्यात मधोमध हा वरबाप उभा. डोक्याला फेटा, अंगात नवा कोट. स्पीकरवरून "सावधान" ऐकू आलं की तिकडूनच मुठीतल्या अक्षता मंडपाच्या दिशेनं उधळत होते. पाऊस आलाच नाही. चार थेंब पडले आणि ढग पुढं गेले. "पोचल्या की अक्षता," ते नंतर मला म्हणाले. "वारं तिकडचंच व्हतं." व्याही मंडळी तोंडात बोटं घालून बघत होती. मला राग आला होता, पण नेमका कुणाचा आला होता ते सांगता येईना.

हे सुरू कसं झालं ते मला त्यांनीच सांगितलं, तेही एक गंमत म्हणून. इतर ठिकाणी पायाळू माणसाला वीज चमकायला लागली की घरात दडवतात. आबांच्या घरी उलट झालं, कारण आबा शाळेत जायच्याही आधीच्या वयाचे असताना एका वळवात त्यांच्या गोठ्यावर वीज पडली. बैलजोडी जागच्या जागी गेली. त्या वेळी आबा गोठ्याशेजारच्या खोलीत आईच्या मांडीवर होते. वडील बैलांपाशी बसून राहिले, आणि उठले ते एकच गोष्ट मनाशी धरून, की पोरगं आत होतं म्हणून वीज आत आली. पुढच्या वळवाला त्यांनी आबांच्या थोरल्या बहिणीला सांगितलं, ह्याला माळावर दगडावर बसवून ये.

"आक्का हात धरून न्यायची मला," आबा सांगत होते. "तीबी ल्हानच की. मी रडाया लागलो तवा शेंगदाणं न गूळ दिला. म्हनली, हे संपस्तवर वीज जाती. मग मी येकेक दाणा चावून चावून खायाचो, लवकर संपाया नगं म्हणून. आता सांगा, संपल्यावर घरी जायाचं, तर भराभर खावं का न्हाय? तेवढी अक्कल न्हवती." आणि हसले.

"आणि आई?" मी विचारलं.

"आई चुलीपशी तोंडात पदर कोंबून बसायची म्हनं. आक्का सांगती." एवढं बोलून ते उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

मी त्या रात्री जेवले नाही. एवढंसं पोर, वर आभाळ फाटलेलं, आणि आपल्या घराचं दार आपल्यासाठी बंद आहे हे त्याला कळतंय. ज्यांनी हे केलं ती वाईट माणसंही नव्हती. पोरावर माया करणारीच होती, आणि तरी पुढच्या वळवाला, त्याच्या पुढच्या वळवाला, त्याचा हात धरून नेत राहिली. पुढं न्यायची गरज उरली नाही. तो आपणहून जायला लागला.

मग सून गरोदर राहिली. ती वस्तीवर होती तोवर तिच्या तपासण्या मीच करत होते, पुढं ती माहेरी गेली. शेवटच्या सोनोग्राफीत बाळ उलटं निघालं, पाय खाली. बारामतीच्या दवाखान्यात सिझर झालं. मुलगी झाली, गुटगुटीत, बाळ-बाळंतीण सुखरूप. मुलानं आनंदाच्या भरात फोनवर सगळं सांगून टाकलं, अगदी सिझर का करावं लागलं तेही.

आबा थेट माझ्या खोलीच्या दारात आले. मी त्यांना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"शिस्टर, आधी काय आलं? पाय का डोकं?"

"आबा, पोटावर छेद घेऊन काढतात. त्यात कसलं आधी आणि कसलं नंतर?"

"पर आत कशी व्हती?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तोवर वस्तीला सगळं कळलेलं होतं. सिझरचं पायाळू धरायचं की नाही यावर ओट्याओट्यावर चर्चा झडत होत्या. कुणी म्हणे, वाटेनं आलीच नाही तर पायाळू कसली? कुणी म्हणे, आभाळाला का सिझर कळतंय? ऐकून आधी मला हसू फुटलं आणि मग माळावरचा दगड आठवला. आबा मात्र एकाही चर्चेत बसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी सकाळची रांगही बंद केली. कुणी उसण घेऊन आलं तर म्हणायचे, "पायात काय न्हाय बाबा माझ्या. जा, शिस्टरकडनं गोळी घे."

पोरगी तीन महिन्यांची झाल्यावर सून तिला घेऊन सासरी आली. तो दिवस वैशाखातलाच. घरात भावकी गोळा झालेली, आमरसाचं जेवण झालेलं. आबांची थोरली बहीण आक्का निरवांगीला दिलेली, त्याही आल्या होत्या. ठेंगण्या, वाकलेल्या, तोंडानं फटकळ. पण माहेरी आल्या की आबांच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढणाऱ्या. मधल्या खोलीत पाळणा टांगला होता आणि बायका त्याच्या भोवती बसल्या होत्या. मी पोरीला पाळण्यात घालून नुकतीच कुठं टेकले होते. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. आणि दुपार कलली तसं बाहेर अंधारून आलं.

पहिला गडगडाट झाला. ओट्यावरून आबा उठल्याचं मला दारातून दिसलं. चष्मा कोनाड्यात, मोबाइल कोनाड्यात, अंगठी. खिशात शेंगदाणे. त्यांनी पाळण्याकडं एकदा बघितलं आणि पोतं डोक्यावर घेऊन निघाले.  ते नेहमीचंच होतं.

वारा सुटला. धुरळा आत आला, कुठंतरी पत्रा आपटायला लागला, लाइट गेली. टपोरे थेंब सुरू झाले, आणि त्या काळोखात वीज इतकी जवळ कडाडली की भिंतीवरची भांडी किणकिणली. पोरगी दचकून रडायला लागली. सुनेनं तिला उचलून छातीशी धरलं.

"आगं बया," आक्का हळूच म्हणाल्या, "आता घरात दुसरी हाय की."

 मग कुणीतरी पुटपुटलं, "सिझरची हाय ती." दुसरी म्हणाली, "म्हणून काय झालं?" पुन्हा वीज झाली. पाळण्याशेजारची बाई आपल्या नातवाला घेऊन उठली आणि भिंतीकडं सरकली. तिच्यामागं आणखी एक उठली. बघता बघता पाळण्याभोवतीची सगळी जागा मोकळी झाली. मधोमध ती बाळंतीण तेवढी राहिली, लेकराला घट्ट धरून, आणि शेजारी मी.

आक्कांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज मायेचा होता, हे मी कधी विसरणार नाही. "पोरी, तू असं कर. हिला घिऊन गोठ्यात बस जा. माळावर न्हाय म्हणत मी. नुस्तं गोठ्यात. पाऊस हुईस्तवर."

मी ओरडले. काय ओरडले ते मला आता आठवत नाही, बरं नव्हतं एवढं खरं. मुलगा दाराला टेकून उभा होता. शिकलेला, रोज कंपनीत मशिन चालवणारा. मी त्याच्याकडं बघितलं तर त्यानं मान खाली घातली. आणि सून, पोटावरची जखम आत्ता कुठं भरलेली ती सून, कुणाशी न बोलता उठली, बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं आणि ओट्यावर गेली. मी तिच्या मागं धावले.

पायरीशी आबा उभे होते. फाटकापाशीच रेंगाळलेले, पोरीचं रडणं बाहेर येताना ऐकून परत फिरलेले. पोतं भिजून डोक्याला चिकटलं होतं.

"कुठं निघालीस?"

"आत्या म्हणाल्या... गोठ्यात."

आबा तिच्याकडं बघतच राहिले. पावसाचं पाणी त्यांच्या भुवयांवरून गळत होतं आणि ते पुसत नव्हते. मग त्यांनी पोतं खाली टाकलं, सदऱ्याला हात पुसले, पुसून काय होणार होतं, आणि लेकरू आपल्याकडं घेतलं. सुनेला म्हणाले, "चल आत."

ते उंबरा ओलांडून आत आले तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्या पायांवर होत्या. वीज चमकत असताना त्या पायांनी तो उंबरा ओलांडल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. दोघी जणी चक्क किंचाळल्या. आबा पाळण्याखाली, मोकळ्या जागेत, मधोमध मांडी घालून बसले. सुनेला शेजारी बसवलं.

"ज्याला भ्या वाटतंय," ते म्हणाले, "त्यानं माळावर जाऊन बसावं. दगूड रिकामा हाय."

कुणी हललं नाही. मावशी उठल्या, बाहेरचं दार लावलं, आतून कडी घातली आणि येऊन नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. त्यांना मी संसारात एवढं एकच काम स्वतःच्या मनानं करताना पाहिलं.

आणि मग तो वळीव जो कोसळला! गारा पत्र्यावर अशा वाजत होत्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. खिडकीची फट पांढरीफटक व्हायची, आणि डोळे मिटायच्या आत कडकडाट. प्रत्येक कडाक्याला बायका देवाचं नाव घ्यायच्या. मी आबांकडं बघत होते. ते धाडसानं बसले होते असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. त्यांचं सर्वांग थरथरत होतं. ते पोरीवर ओणवे झाले होते, पाठीचं छप्पर करून, डोळे गच्च मिटून. त्यांचा त्या गोष्टीवर पक्का विश्वास होता. आपण सगळ्या घरावर मरण आणून बसलोय असंच त्यांना वाटत होतं, आणि तरी ते उठले नाहीत. मी लसीकरणापासून प्रेतं उचलण्यापर्यंत सगळं केलेली बाई, पण तसं भ्यालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. मुलगा केव्हातरी दारापासून सरकत आला आणि बापाच्या पाठीवर हात ठेवून बसला.

हळूहळू आवाज लांब जायला लागला. गारा थांबल्या. पागोळ्यांचा आवाज तेवढा राहिला, आणि खिडकीच्या फटीतून पिवळं ऊन आत आलं. पोरगी कधीच झोपली होती.

आबांनी डोळे न उघडताच विचारलं, "समदी हायेत का?"

"हायेत," मावशी म्हणाल्या. त्यांच्या कानाशीच बसून.

"समदी?"

"समदी हायेत."

त्यांनी डोळे उघडले. भिंतीपाशी बसलेल्या एकेकीचं तोंड निरखलं. मग मान वर करून पत्र्याकडं बघितलं, आढ्याकडं बघितलं. आता हसतील, फौजदाराचा किस्सा सांगताना हसायचे तसं काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. मी हसायच्या तयारीत होते.

"काईच झालं न्हाय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, आबा. काहीच नाही."

"मी हितं व्हतो. हीबी हितं व्हती."

"हो."

"मग..." ते म्हणाले.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मला तेव्हा कळलं, की इतकी वर्षं मी त्यांना जे समजावत होते ते आत्ता त्यांना पटलं होतं, आणि ते पटल्यावर त्यांचं काय होईल याचा मी कधी विचारच केला नव्हता. नात यातून सुटली म्हणून आनंद व्हायला हवा होता. तो झालाही असेल. पण त्याच्या मागून त्यांच्या साऱ्या वळवांचा हिशोब आत शिरला होता, आणि तो कुणाला मिटवता येणार नव्हता.

आक्का भिंतीला धरून उठल्या. वाकत वाकत आल्या आणि धाकट्या भावाच्या पायाला हात लावायला खाली बसल्या, ते लाथ मारलेल्या प्रत्येकाच्या पाया पडायचे तशा. आबांनी पाय झटकन धोतराखाली ओढून घेतले.

 आबांनी झोपलेल्या पोरीच्या कपाळावरचं पाणी बोटानं टिपलं. ते त्यांच्याच केसांतून गळलेलं होतं. मग बहिणीकडं बघितलं. आवाजात राग नव्हता. कुणी लहान पोर विचारतं तसं ते म्हणाले,

"आक्के, मला एकदा तरी आत हाक मारायची व्हतीस."